चंद्रव्वाची अडलेली माळ

शुक्रवार पेठेत कुणाचे डोळे पिवळे दिसले की डॉक्टरच्या आधी चंद्रव्वाला निरोप जाई. कावीळ उतरवायची माळ ती देत असे. घेटुळीच्या ओल्या मुळ्यांचे तुकडे एकेक गाठ मारून दोऱ्यात ओवायचे आणि ती इवलीशी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. माळ रोज थोडी लांबे. डोक्यावरून गळ्यात, खांद्यांवरून कमरेकडे, आणि नवव्या-दहाव्या दिवशी पायांतून खाली. माळ उतरली की कावीळ उतरली. चंद्रव्वा याचे काही घेत नसे. घेई तो फक्त मान, आणि तो मात्र शिगोशीग भरून घेई.

१९३१ च्या चैत्रात तिच्या नवऱ्याचेच डोळे पिवळे झाले. ईश्वरप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होता. स्वभावाने गरीब, पण शिंदीच्या दुकानावरून सरळ घरी येणे त्याला कधी जमले नाही. कावीळ उष्णतेने होते हे त्याला पक्के ठाऊक, आणि शिंदी थंड असते हेही. म्हणजे गडी वीस वर्षे औषधच घेत होता.

चंद्रव्वाने माळ घातली. ती छातीपर्यंत झरझर आली आणि पोटावर येऊन अडली. बारा दिवस हलेना. पोट घागरीसारखे तट्ट झाले होते. पाय इतके सुजले होते की बोट दाबले तर खळगा राही.

मी तिची शेजारीण; एका दुपारी तिचे सूप परत द्यायला गेले. ईश्वरप्पा बाजेवर घोरत होता आणि चंद्रव्वा गुपचूप त्याच्या पोटावरच्या माळेत नव्या मुळ्या ओवत होती.

“काय गं, माळेला ठिगळ?”

ती दचकली. “हळू बोला की आक्का! गावाचं उतरतंय आन् घरच्याचं अडलंय म्हनतील.”

“मग दवाखान्यात ने त्याला.”

“आन् माझी माळ खोटी म्हनून दवंडी पिटू व्हय?”

मी घरी जाऊन आदल्या वर्षीची डायरी आणली. श्रावणात तिने माझ्या नातवासाठी माळ दिली होती. पोरगा तोवर बरा झाला होता, म्हणून ती मी स्वयंपाकघरात टांगून ठेवली होती आणि गंमत म्हणून रोज मापून लिहिली होती. मी वाचून दाखवले, “पहिला दिवस, एक वीत. चौथा, दोन विती. नववा, तीन विती चार बोटे.”

“बगा! कुनाच्या गळ्यात हुती?”

“खिळ्याच्या.”

“म्हंजे खिळ्यालाबी कावीळ झालती म्हना की!” चंद्रव्वा तोंडाला पदर लावून हसली, आणि मग तोच पदर तिने डोळ्यांना लावला. “मग एवढी मान्सं बरी झाली ती कशानं?”

“मुळ्या वाळतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. माणसं बरी झाली ती पडून राहिल्याने आणि तुझ्या पथ्याने. ताकभात खा, तेलकट नको, दारूचा थेंब नको, हे सांगतेस ना?”

“समद्यास्नी सांगते.”

“आणि याला?”

मग उठून तिने नवऱ्याला गदागदा हलवले. “उठा. टांगा बलावलाय.” टांगा नंतर मीच बोलावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली दाबून पाहिले. “यकृत दगडासारखं झालंय. दारूनं केलंय हे. सोडलीस तर अजून जगशील. नाही सोडलीस तर पुढचा चैत्र तुला दिसणार नाही.”

ईश्वरप्पाने घाबरून विचारले, “माळ ऱ्हाऊ द्यावी का, सायेब?”

“राहू दे. ती काही पीत नाही.”

परतताना टांग्यात चंद्रव्वाने निकाल दिला. “माळ आपसूक खाली पडंस्तवर पथ्य. शिंदीचं नाव काढायचं न्हाय.” डॉक्टरांचे त्याने कितपत ऐकले असते कोण जाणे, पण बायकोची माळ मोडायची त्याची छाती नव्हती. शिवाय दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न, असे त्याला वाटले.

हळूहळू डोळे निवळले, पायांची सूज ओसरली, पोट उतरू लागले. माळ सैल पडे तशी चंद्रव्वा तो झोपला की दोन-दोन मुळ्या काढून ती आवळी आणि सकाळी मला येऊन सांगे. पेठेतल्या लोकांना ती आता माळेबरोबर दवाखान्याची वाटही दाखवते.

याला तीन वर्षे झाली. काल ईश्वरप्पा सदऱ्यावरून माळ चाचपत माझ्याकडे आला. “आक्का, तुमच्या वहीत बगा की. एवढा येळ कुनाच्या माळेला लागलाय का?”

वही माझ्या मांडीवरच होती. चंद्रव्वाने काढलेल्या बेचाळीस मुळ्या तारीखवार तिच्यात लिहिलेल्या होत्या.

“लागतो कुणाकुणाला,” मी म्हटले आणि वही मिटली.