चप्पल गेलेली तिला कळली

मंडळी, सकाळपासून हे कोणाला तरी सांगायचं आहे.

बायकोच्या मणक्यातली गाठ काढली त्याला तीन वर्षं होत आली. ऑपरेशन चालू असताना तिच्या पायांच्या नसांचे संदेश पडद्यावर बघत एक डॉक्टरबाई बसल्या होत्या. उजव्या पायाचे संदेश क्षीण होताच त्यांनी सर्जनना थांबवलं. म्हणून पाय वाचला. तळव्याची जाणीव मात्र गेली. "येईल कदाचित. वाट बघा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून उजवी चप्पल वाटेत निसटते आणि हिला पत्ता नसतो. मी मागून चालतो, उचलून आणतो. संस्कृतात अनुचर म्हणतात तो हाच.

आज सावेडीच्या मंडईत भाजी घेताना ही अचानक थांबली. "अहो, चप्पल गेली वाटतं."

खरंच गेली होती. मी मेथी निवडण्यात गर्क, माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"खाली गार लागलं."

मी चप्पल हातात घेऊन तसाच उभा. भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "ओ सर, धरून काय उभे राहिले? द्या की म्याडमला!"

"थांबा हो मावशी," म्हणत हिने पाय पुन्हा फरशीवर टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ.

"आता काही लागत नाही हो."

घरी येईपर्यंत ती अनवाणीच चालली.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा, एकदा येऊन गेलेला गारवा परत येतो ना? तोवर मी मागेच आहे.