दीडपट वाट

वाळलेलं तळं दिसलं की आजही मी नवऱ्याच्या अंगातली बंडी घट्ट धरते. लोक हसतात. हसू देत.

आमचं घर बैलगाडीची चाकं करणारं. धाव, म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, चाकाच्या आरपार मापाच्या तिपटीहून थोडी जास्त लागते, हे घरात सगळ्यांना पाठ. अमरावतीबाहेरच्या गोल तळ्याच्या काठाने पलीकडे जायचं तर दीडपट चालणं पडतं, हा हिशोब त्यातूनच आलेला. उन्हाळ्यात तळं वाळल्यावर जो वळसा घाली, तो आम्हाला बावळट वाटायचा.

अमेरिकेतल्या लढाईमुळे इकडे कापसाला भाव चढला, त्या उन्हाळ्यात पलीकडच्या काठावर कापसाचे ढीग लागले होते. हे तिथेच गाड्यांना धावा चढवत होते, आणि धाव तापवायला जाळ लागतो. दुपारी मी इकडून पाहिलं, तर एका ढिगातून धूर निघत होता.

मी सरळ तळ्यात उतरून पळत सुटले. मध्यावर भेगाळलेली माती एकाएकी फसली आणि मी मांड्यांपर्यंत काळ्या चिखलात गेले. हललं की आणखी खाली. पलीकडे ढीग पेटलेला, आणि हे कुठे दिसेनात.

मग दिसले. मला पाहून तेही तळ्यात उतरत होते, आणि आमच्या मधला चिखल ओला चमकत होता.

"अवो, सरळ येऊ नका! काठानं फिरून माह्या मागून या!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले.

ते सरळच आले, आणि माझ्यासारखेच रुतले; शेवटी गाडीवाल्यांनी दोर टाकून दोघांना ओढून काढलं. वळसा घालायला आमच्या घरात कुणी शिकलंच नव्हतं.