शालनबाईंचा आचारी

शालनबाई पारखे आमच्या चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसते आणि प्रार्थनेत रडत नाही. आमच्याकडे हे दोन्ही गुन्हे मोठे. पुढच्या बाकावर हुंदके देणाऱ्या बायकांच्या साक्षी, म्हणजे देवानं कसं तारलं त्याच्या कहाण्या, सगळ्या मंडळीला पाठ आहेत. हिची साक्ष हिच्या तोंडून काढायला मात्र मला दोन वर्षं लागली. आणि मी म्हणजे कुरुळीच्या नाक्यावर किराणा दुकानापुढं खुर्ची टाकून बसणारा माणूस. कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, ते मला ठाऊक असतं.

बाई नेवाशाकडची. नवरा गेल्यापासून पत्र्याच्या खोलीत एकटी राहते, एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते. चार वर्षांपूर्वी कणीक मळायचं मशीन पुसताना तिचा रबरी हातमोजा आत अडकला. हात मनगटापर्यंत ओढला गेला आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. सगळी कंपनी वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडत होती, आणि ही एकटी मशीनपाशी उभी राहून देवाचे उपकार मानत होती. वाचलेल्या हातानं रोज एका माणसाची भाकरी जास्त थापायची, असं तिनं तिथंच ठरवलं. बाकीची मंडळी उपकारस्तुतीला केक आणतात, पाकीट देतात, माइकवरून नाव पुकारलं की मान खाली घालून हळूच इकडंतिकडं बघतात. हिची उपकारस्तुती स्टीलच्या डब्यातून निघायची आणि शेजारच्या खोलीत जायची.

शेजारी ज्योतीराम. बीडकडचा. उजव्या हाताची चार बोटं प्रेस मशीनखाली गेली, तेव्हा ठेकेदार म्हणाला, हा माणूस माझ्या हजेरीवर नव्हताच. बोटं गेली, पण ताठा जिथल्या तिथं. कुणी चहा पुढं केला तरी आधी विचारणार, "कशाबद्दल?" त्यामुळं शालनबाई पहिल्याच दिवशी खोटं बोलली.

"कँटीनचं उरलंय. तसंही फेकूनच देत्यात. खातूस, का कुत्र्याला घालू?"

कुत्र्याचं नाव निघाल्यावर त्यानं डबा घेतला. मग रोजचंच झालं. आणि फुकटचं कँटीनचं म्हटल्यावर गडी नावं ठेवायला मोकळा.

"मावशी, हा आचारी कुठून धरून आणलाय? आमटीत मीठ नाही, मिरची नाही. आजाऱ्यासाठी करतो का काय?"

"सांगते त्याला."

"आणि भाकरी जरा पातळ कर म्हणावं."

"ते बी सांगते."

दुसऱ्या दिवशी भाकरी पातळ असायची.

खरं तर उरलेलं अन्न बाहेर न्यायला कँटीनवाल्यानं कधीच बंदी घातली होती. पगार तेवढाच, तोंडं दोन. संध्याकाळी ही चहात पाव बुडवून खायची, मग चहाच उरला. एक दिवस मी तिला दारात अडवून विचारलं, तर म्हणाली, "भाऊ, तुम्हाला सांगितल्याबिगर तुम्ही सोडणार न्हाई. पण कुणापाशी बोलू नका."

मी कुणापाशी बोललो नाही. फक्त दादासाहेबांपाशी बोललो.

दादासाहेब आमच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाचा पहिला वाटा देवापुढं ठेवायच्या सणाला, आमच्याकडं आता पीक नसतं. मॉलमधली सफरचंदं वेदीपुढं रचतात आणि मग त्यांचा लिलाव करतात. यंदा कमिटीला एक गरजू विधवा हवी होती, रेशन किट द्यायला. "आपल्यातलीच बघा, फोटोला स्वच्छ दिसेल अशी," दादासाहेब म्हणाले. माझ्या जिभेला खाज सुटली. बाईला चार किलो तांदूळ मिळतील असं वाटलं, हे खरं. एवढी आतली बातमी माझ्याकडं आहे हे चारचौघांना कळावं, हेही तेवढंच खरं.

सणाच्या दिवशी माइकवरून नाव पुकारलं, तेव्हा मागच्या बाकावरची शालनबाई उभीच राहीना. शेजारणींनी ढोसलं. ती पुढं गेली, किट घेतलं, वाकून सलाम केला. नंतर मी विचारलं, "नको म्हणायचंस ना." म्हणाली, "सगळ्यांदेखत नको म्हणणं म्हंजी गर्वच की, भाऊ. देणं सोपं असतंय. घ्यायला पन वाकता यायला पायजे." हे बोलताना माझ्याकडं बघितलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण आपल्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय पुण्य पदरात पडत नाही. चौथ्या दिवशी नाक्यावर, चहाच्या टपरीच्या डोक्यावर लागला. वर कमिटीचे अकरा हसरे चेहरे, खाली हात जोडलेली शालनबाई आणि मजकूर: 'स्वतः अर्धपोटी राहून अपंग शेजाऱ्यास जेवू घालणाऱ्या गरजू भगिनीस मदतीचा हात.'

ज्योतीराम सकाळचा चहा त्याच टपरीवर घ्यायचा.

संध्याकाळी ती डबा घेऊन गेली, तेव्हा तो उंबऱ्यातच बसला होता. मी समोरच होतो. समोरच असतो मी.

"मावशी, हे कँटीनचं आहे?"

तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला.

"मग कुणाचं?"

"देवाचं."

"देवाला मधी आणू नका. तुम्ही काल रात्री काय खाल्लं, ते सांगा."

तिला दुसरं खोटं सुचलं नाही. एकाच खोट्याची सवय होती तिला.

"आणि मी आचाऱ्याला नावं ठेवत होतो," तो म्हणाला. आदल्या दिवशीचा डबा त्यानं डाव्या हातानं घासून ठेवला होता, तो तिच्यापुढं सरकवला. भरलेल्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. कुणी म्हणतं हिंजवडीला वॉचमन लागलाय, कुणी म्हणतं त्या हाताला वॉचमनकीसुद्धा मिळत नाही.

शालनबाई दादासाहेबांकडं गेली होती, फ्लेक्स काढा म्हणून. ते म्हणाले, "नाताळपर्यंत राहू द्या बाई, मंडळीला प्रेरणा मिळते." नाताळानंतर काढला, तेव्हा तोच तिला दिला, गळक्या पत्र्यावर टाकायला. तिनं उपकार मानून घेतला आणि चेहरे खाली करून पत्र्यावर पसरला. रस्त्यावरून बघितलं तर नुसता पांढरा दिसतो.

भाकऱ्या अजून दोन माणसांच्या थापते. आवाजावरून मला कळतं. डबा कुणाकडं जातो, ते मात्र ठाऊक नाही. माझ्या खुर्चीपुढून जाताना ती नेहमीसारखंच "सलाम, भाऊ" म्हणते, आणि डबा पदराखाली घेते.