साडूंची कोरी भिंत

गुरुत्वाकर्षण आमच्या साडूंना मान्य नाही. जमीन माणसांसाठी आणि भिंत सामानासाठी, असा त्यांचा सिद्धांत, आणि नाहूरच्या वन-बीएचकेत तो त्यांनी स्क्रू पिळून पिळून सिद्ध केला आहे. ऑफिसने घरूनच काम करा म्हटल्यापासून तर त्यांना रानच मोकळं मिळालं. टेबल भिंतीतून खाली उघडतं, कॉम्प्युटरचा पडदा लोखंडी दांड्यावर पुढेमागे फिरतो, कीबोर्ड हुकाला लटकतो, आणि कात्री, चाव्या, स्टेपलर चुंबकाच्या पट्टीला चिकटून असतात. एकदा माझ्या बायकोच्या केसातली पिन त्या पट्टीने ओढून घेतली. ती बिचारी केस सावरतेय आणि साडू खूश! "बघितलंस? पकड कसली झकास आहे!"

पाहुण्यांच्या खुर्च्याही भिंतीवरच. आपण गेलो की साडू भिंतीवरची एक उतरवतात, उघडतात, प्रेमाने बसवतात. पण हात धुवायला म्हणून उठायची सोय नाही. परत येईपर्यंत खुर्ची पुन्हा वर. "अरे, मला वाटलं निघालास!" एकदा उत्साहाच्या भरात त्यांचं ड्रिल आरपार गेलं ते थेट शेजारच्या काकूंच्या कॅलेंडरातून बाहेर निघालं. काकू किंचाळल्या. साडूंनी भोकाला तोंड लावून माफी मागितली आणि वर विचारलं, "काकू, तुमच्या बाजूने एखादं शेल्फ लावून देऊ का? भोक तयारच आहे." माझ्या मेहुणीने कपाळावर हात मारून घेतला. हल्ली ती तो हात खाली घेतच नाही.

अख्ख्या घरात एकच भिंत कोरी होती, खिडकीशेजारची. तिला पाठ टेकून, पाय पसरून त्यांची मालवणची आई तांदूळ निवडत बसायची. साडू मोजपट्टी घेऊन तिकडे वळले रे वळले की म्हातारी ओरडायची, "माका पाठ टेकूक एक भिंत तरी ठेव रे मेल्या!" साडू निमूट मागे फिरायचे. त्यांना आवरू शकणारं ते घरातलं एकमेव माणूस. मागच्या वर्षी ती गेली. खोबरेल तेल चोपडलेल्या तिच्या डोक्याचा गोल डाग तेवढा भिंतीवर राहिला.

मग त्यांच्या मुलीला, सईला, नोकरी लागली, आणि तीही घरूनच करायची. फोनवर मोठमोठ्याने बोलणाऱ्या बापाबरोबर एका टेबलावर तिचं जमेना. तिने सरळ सांगून टाकलं, "बाबा, खिडकीजवळ मला टेबल लावून दे, नाहीतर मी मैत्रिणींबरोबर अंधेरीला रूम घेते." एकुलती एक पोर घराबाहेर राहणार म्हटल्यावर साडूंची झोप उडाली. पट्टी सरळ धरायला घाटकोपरहून मला बोलावणं आलं. मी मनात म्हटलं, चला, शेवटची भिंतही गेली.

साडूंनी पेन्सिलीने खुणा केल्या, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, ड्रिल उचललं. पहिली खूण डागाच्या जेमतेम वर होती. ड्रिल घरघरलं आणि थांबलं.

"बॅटरी गेली वाटतं," साडू म्हणाले.

ड्रिल वायरचं होतं. वायर माझ्याच पायाशी होती आणि प्लगचं बटण चालू होतं. एरवी मी त्यांची यथेच्छ टर उडवली असती, पण या वेळी वाकून ते बटण तेवढं बंद केलं. साडूंनी ड्रिल ठेवलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतःच्याच टेबलाचे स्क्रू सैल करू लागले. सईच्या उंचीला ते टेबल जरा खाली घ्यायचं होतं.

"हे घे तुला," ते सईला म्हणाले. "उजेडही इथेच चांगला आहे." उजेड कसला डोंबलाचा, ट्यूबलाइट होती!

"आणि तू रे बाबा?"

"माझं मी बघतो गं."

परवा सहज गेलो, तर सई टेबलाशी कामात, आणि खिडकीजवळ साडू चक्क जमिनीवर! पाय पसरलेले, मांडीवर लॅपटॉप. चपलासुद्धा भिंतीला लटकवणारा हा माणूस! बरं, बसलेत तेही धड नाही. म्हातारी होती ठेंगणी, हे ताडमाड. घसरून घसरून जवळजवळ आडवेच झालेले.

"अहो, नीट बसा ना," मी म्हटलं. "कंबरेची वाट लागेल अशाने."

"लागलीच आहे रे," पडद्यावरची नजर न काढता साडू म्हणाले. "पण सरळ बसलो की डोकं डागाच्या वर जातं."