वाळूखालची घडी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही: चाकण रस्त्यावरच्या आमच्या कंपनीची ती भिंत माझ्यामुळे पडली.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. ट्रक चढवायच्या उताराला भिंत हवी होती. वाळूच्या थरांमध्ये प्लास्टिकच्या धाग्याचं कापड अंथरायचं, पुढचं टोक भिंतीला बांधायचं, बाकीचं वाळूखाली लांबवर पसरायचं. वरच्या वाळूचा भार कापडाला धरून ठेवतो आणि कापड भिंतीला. आधी आम्ही लाकडी पेटीत वाळू भरून, त्याच कापडाची पट्टी गाडून, चेनपुलीने ओढून पाहिली होती. आखूड पट्टी अलगद बाहेर यायची. लांब पट्टी फाटायची, पण निघायची नाही.

आम्ही म्हणजे मी आणि तळवड्याचा एक मुसलमान फिटर. मी चिंचवडला खोलीवर एकटा राहायचो. गुरुवारच्या सुट्टीला तो घरून डबा घेऊन यायचा. "राव, तुमच्या स्टोव्हला बी तुमची कीव येत असंल," म्हणायचा. त्याच्याखेरीज माझ्या दारात कोणी येत नसे.

कामावर मागच्या बाजूला खडक लागला. कापड पुरं पसरायला जागा उरेना. खडक फोडायचा तर काम लांबलं असतं, आणि मोठे साहेब पाहायला यायचे होते. मी म्हणालो, "उरलेलं मागं घडी करून दाब."

"धरंल का?"

"धरेल."

पेटीत काय दिसलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याने माझा शब्द मानला.

पहिला भरलेला ट्रक चढला आणि भिंत पुढे कलली, मग बसलीच. कोणाला लागलं नाही. उकरलं तर कापड अखंड. ओढ बसली तशी घडी उलगडून सरळ झाली होती. माझी लबाडी तिने पुसून टाकली होती.

साहेबांनी विचारलं, "कापड पुरं पसरलं होतं?"

"हो."

"मग वाळू सैल भरली."

वाळू फिटरने भरली होती. तो माझ्याकडे बघत राहिला. मी बोलेन म्हणून थांबला असावा. मी कापड गुंडाळायला घेतलं. त्याला काढून टाकलं.

पुढच्या गुरुवारी मी दार उघडं ठेवून बसलो. का, ते मलाही सांगता येणार नाही.

आता तळवड्यात त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, मुलं हाताशी आहेत. ते दुकान चुकवून मी लांबच्या रस्त्याने जातो.

वाळू त्याने नीट दाबली होती, कापड मी कमी पसरलं. एवढं त्याच्या मुलांदेखत त्याला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.