अर्ध्या ग्लासात गेलेलं भांडण

माझ्या धाकट्या जावेनं मला फसवलं आणि माझ्या नवऱ्यानं तिला साथ दिली. दोघांनी मिळून माझं अकरा वर्षांचं भांडण अर्ध्या ग्लासात बुडवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मारुंजी गावात हीच गोष्ट लोक हसत हसत उलटी सांगतात.

भांडण काही फालतू नव्हतं. वाटणी झाल्यावर मी हिंजवडीत कामाला जाणाऱ्या पोरांना डबे द्यायला लागले. धंदा उभा राहतोय तोच जाऊ कुणाजवळ तरी बोलली, "आमच्या अक्का उसळीत सोडा घालत्यात, म्हणून येवढी मऊ हुती." त्या आठवड्यात सात डबे बंद झाले. मी तिला उंबऱ्यात उभं करून जाब विचारला. म्हणे, चेष्टेनं बोलले. माझ्या धंद्याची चेष्टा? तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, अशी तिथंच शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन घरांच्या मध्ये सात फुटी पत्र्यांची भिंत ठोकली.

त्यानंतर आम्ही बोललोच नाही असं नाही. मी माझ्या शेळीशी बोलायचे, जरा मोठ्यानं. "खा गं बाई, निदान तू तरी दुसऱ्याच्या उसळीत तोंड घालू नकोस." पलीकडून ती कोंबड्यांना सांगायची, "या गं या, हितं पत्रा न्हाई, हितं सगळ्यांना वाट हाय." अशी अकरा वर्षं गेली. शेळ्या बदलल्या, कोंबड्या बदलल्या, आम्ही तशाच.

डब्यांच्या जोरावर मी खोल्या बांधल्या, एकावर एक. ठेकेदार लोक सौदा ठरवायला ढाब्यावर बसतात आणि बाईमाणसाला थंड पेय मागवतात. मी बिअर मागवायचे. समोरचा तिसऱ्या बाटलीत दर उतरवायचा आणि मी सरळ रेषेत चालत घरी यायचे. मला कधी चढली नाही, हा माझा अभिमान होता. दुसरा अभिमान खोलीच्या किल्लीचा. भाडेकरू फार घासाघीस करायला लागला की मी त्याच्या हातातून किल्ली काढून घ्यायची आणि म्हणायचं, "राहू द्या, तुम्हाला नाही झेपायची ही खोली." की लगेच त्याला तीच खोली पाहिजे असते.

पण वजन इतकं वाढलं की स्वतःच्याच इमारतीचा जिना चढवेना. गुडघे गेले, साखर वाढली. शेवटी पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "बहुतेक सगळं पोट बाद करताय, मग बिलही तेवढंच बाद करा." ते पोट धरून हसले, कमी काही केलं नाही. मग दारूचं विचारलं. मी खरं सांगितलं, कामापुरती बिअर. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वर्षभर थेंब नाही. नंतरही, मला विचाराल तर नकोच. नवीन पोटातून दारू झपकन रक्तात जाते. जी आधी चढत नव्हती ती दोन घोटांत चढेल. रिकाम्या पोटी घेतली तर साखर एकदम उतरेल. आणि काही जणांचं खाणं सुटतं पण त्याजागी बाटली येते, ते फार वाईट."

हे सगळं त्यांनी कागदावरही लिहून दिलं. कागद नवऱ्यानं घडी करून खिशात ठेवला. तो खिसा लक्षात ठेवा.

सुरुवातीचे आठवडे नुसतं पातळ खायचं. नवरा रोज तांब्यातून मुगाचं पाणी आणायचा, गाळून घेतलेलं, जिरं-हिंगाचा वास असलेलं. या माणसाला आयुष्यात चहा करता आला नाही.

"अहो, हे तुम्हाला कधीपासून जमायला लागलं?"

"जमतंय," तो म्हणाला. माळकरी माणूस, खोटं बोलत नाही. मी विश्वास ठेवला.

दोन वर्षांत मी अर्धी झाले. जिना दिवसातून चार वेळा चढायला लागले, गरज नसतानाही. लग्नातलं ब्लाऊज अंगात गेलं तेव्हा आरशासमोर गिरकी घेतली, हे कुणाला सांगितलेलं नाही. आणि यंदा उन्हाळ्यात जावेच्या पोरीचा, म्हणजे माझ्या पुतणीचा, साखरपुडा ठरला. नवरा म्हणाला, "तू नाही आलीस तर लोक त्या पोरीला विचारतील." पोरीचा काय दोष? नेसले हिरवी पैठणी आणि पत्र्याला वळसा घालून गेले. पाण्याचा तांब्या आला की हात आडवा. "पोट लहान आहे." ऑपरेशनचा असाही उपयोग.

दुपारी पाहुणे पांगले. मागच्या पडवीत बायका-बायकाच उरलो. माझ्याकडं भाड्यानं राहणाऱ्या दोन कंपनीवाल्या पोरीही होत्या. तेवढ्यात जावेनं आतून काचेची बरणी आणली. तिच्या माहेरच्या डोंगरातली करवंदं, मोबाईलवर बघून केलेली वाईन. जांभळा लाल रंग, झाकण काढताच पडवीभर वास. तिनं पोरींना दिली, मग एक स्टीलचा ग्लास अर्धा भरून माझ्यासमोर धरला. मी हात हलवायच्या आत मागं घेतला.

"राहू द्या अक्का. तुमाला न्हाई झेपायची आता."

अकरा वर्षांतलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. माझी किल्लीची युक्ती, माझ्याच तोंडावर. आणि मला ती ओळखू आली नाही!

"आण इकडं," मी म्हणाले.

"नगं. उगं कायतरी व्हायचं."

"ठेकेदार लोळवलेत मी. आण म्हणते ना."

"मग आधी ह्ये अंडं खावा."

ताटलीत उकडलेलं अंडं होतं, चार फोडी केलेलं. मी चावून चावून खाल्लं, मग ग्लास उचलला. आंबट, गोड, मागून तुरट. चार घोट. ग्लास खाली ठेवेपर्यंत कान गरम झाले आणि पडवीचा खांब माझ्याकडं बघून हसतोय असं वाटलं. मीही त्याच्याकडं बघून हसले.

"अक्का, त्या शेळीला तुमी काय काय बोलायचा!" जाऊ म्हणाली आणि माझी वाक्यं माझ्याच आवाजात म्हणून दाखवू लागली. अकरा वर्षांची, सगळी पाठ!

"तसं नव्हे गं," मी तिला सुधारलं, "मी म्हटलं होतं, तुझ्या शिंगांना तरी लाज आहे."

"काकू, सीरियसली? शेळीला?" भाडेकरू पोरगी हसून हसून भिंतीला टेकली. माझ्या डोळ्यांतून पाणी. जाऊ पदरात तोंड घालून.

"आणि सोड्याचं?" मी विचारलं.

तिनं तोंडावरचा पदर काढला. "चुकलं अक्का. सात डबे गेले ते मला मागनं कळलं. कवाच सांगायचं हुतं, पर तुमी शेळीबिगर कुणाशी बोलत न्हवता."

मी पदरानं डोळे पुसले.

"पत्र्याला एक दार तरी पाडा," ती म्हणाली. "पोरगी सासरी जाईल, येताजाता तुमाला भेटंल."

"दार कशाला? एक पत्रा काढते."

"येक बास हाय."

"बास कसा? दोन काढते. चार काढते!"

"अक्का, लई व्हतंय."

"तू गप. सगळा काढते, उद्या सकाळी! अहो, ऐकलंत का? माझा शब्द आहे!"

नवरा दारात उभा होता, मिशीत हसत. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःविरुद्ध भाव वाढवत नेला. वर पाणी मागितलं, जावेच्याच घरचं. घोट घोट प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"बघ, शपथ मोडली तुझ्यामुळं."

"ती कवाच मोडलीया," जाऊ म्हणाली. "मुगाचं पाणी कुणी गाळत हुतं मग?"

नवऱ्यानं जमिनीकडं पाहिलं. मी तांब्याकडं. तोच तांब्या होता.

तासाभरात जशी चढली तशी उतरली. साखर उतरली, घाम आला. जावेनं पंख्याखाली बसवून थोडा भात भरवला, तेव्हा बरं वाटलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगितलं तर ते चिडलेच. तेव्हापासून घेत नाही. उरलेली बरणी पोरींनी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पाना घेऊन नटबोल्ट सोडवले. दिलेला शब्द फिरवला असता तर माझा डबा कुणी खाल्ला असता? त्या पत्र्यांचं छप्पर झालं, त्याखाली आता माझी शेळी आणि तिच्या कोंबड्या एकत्र असतात. डब्यांची उसळ जाऊ करते. मी रोज आधी चाखून बघते. सोडा नसतो. चव माझ्यापेक्षा चांगली असते, हे तिला कळू देत नाही.

पण मी मूर्ख नाही. गोडाच्या स्वयंपाकात उकडलेलं अंडं कुठून आलं? ग्लास नेमका अर्धाच का? आधी खाऊ का घातलं? तिनं तो कागद वाचलेला होता. मी विचारते तेव्हा ती म्हणते, "अक्का, उसळ चाखा." नवऱ्याला विचारलं तर तो भजनाचे टाळ हुडकायला लागतो.

चालणार नाही. अकरा वर्षं जोपासलेलं माझं भांडण होतं, ते मला न विचारता काढून नेलं. आजपासून तिसऱ्या आठवड्यात पुतणीचं लग्न आहे. त्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, दोघांनी उभं राहून सांगावं: तो कागद खिशातून पत्र्यापलीकडं कुणी नेला, आणि ग्लास मागं घेताना तिला सगळं ठाऊक होतं की नव्हतं? तोवर मी तिच्या पडवीत येऊन बसलेय, उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही.