मिटलेल्या डोळ्यांचा खटला

तमाम रसिक जनांस कळविण्यात येते की देवळात डोळे मिटणे हा पीनल कोडाप्रमाणे गुन्हा नाही. परंतु तेच डोळे रंगभूमीवर मिटले तर माणसाला गिरगावच्या पोलीस कोर्टात आरोपी म्हणून उभे राहावे लागते. हा कायदा पुस्तकात सापडायचा नाही. मी तो उभ्याने शिकलो.

मुंबईत प्लेग यायच्या थोडं आधीची गोष्ट. दिवसा मी कोटात, म्हणजे फोर्टात, एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकुनी करत असे आणि शनिवारी आमच्या हौशी मंडळीत सोंगं घेत असे. ग्रँट रोडच्या थिएटरात संगीत नाटक संपलं की मागाहून फार्स व्हायचा. त्यात माझ्याकडे एका भाविक म्हाताऱ्याचं काम होतं. हा म्हातारा कीर्तनात ढसढसा रडतो, शेजाऱ्याच्या डबीतली तपकीर ओढतो, आणि आरतीचं तबक फिरत फिरत जवळ आलं की त्याची समाधी लागते. तबक पुढे सरकलं की उतरते. मी नुसते डोळे मिटायचो, की पिटातल्या स्वस्त बाकांवरून आमच्याच वाडीतल्या एका पेन्शनर गृहस्थांच्या नावाचा पुकारा सुरू.

वाडी त्यांना दादासाहेब म्हणे. पुकाऱ्याची खबर कानावर येताच दादासाहेबांनी मंडळीच्या मॅनेजराकडून फुकट पास मागून घेतला, पहिल्या रांगेत बसून अख्खा फार्स पाहिला आणि सोमवारी माझ्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद ठोकली.

तुरुंगाचं मला तितकंसं वाटलं नाही. तिथे निदान नवीन सोंगं पाहायला मिळाली असती. पण गुन्हा शाबीत झाला, मग शिक्षा कितीही हलकी असो, की साहेब मला त्याच दिवशी कचेरीबाहेर काढणार होता. घरात मिळवता मी एकटा. आमचे वकील म्हणाले, ते पात्र म्हणजे आपणच हे दादासाहेबांना शाबीत करावं लागेल. मी विचारलं, आणि केलं तर?

“मग कायमचा नाटकात जा,” वकील म्हणाले.

मॅजिस्ट्रेट पारशी होते. दादासाहेबांनी आपल्या जबानीत सांगितलं की सोंग आपलंच आहे, मात्र त्यातला एकही अवगुण आपल्यात नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, तर मग लोकांनी ओळखलं कशावरून? दादासाहेब म्हणाले, ते माझे साक्षीदार सांगतील. साक्षीदार वाडीतलेच, सगळे दादासाहेबांच्या शब्दाबाहेर नसलेले. मी मनातल्या मनात कचेरीतल्या खुर्चीवरचं माझं उपरणं आवरायला घेतलं.

पहिले आले देवळातले गुरव. तबकावर त्यांचं पोट. खरं बोलायला याहून लायक माणूस नव्हता. पण समोर दादासाहेब बसलेले, पगडी घालून, काठीवर हात ठेवून. वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर कसं बोलायचं? गुरवांनी सांगितलं की तबकात पहिला हात दादासाहेबांचा पडतो. दादासाहेबांची मान नकळत डोलली. त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

दुसरे शेजारी. तपकिरीची डबी त्यांचीच. त्यांनी सांगितलं की दादासाहेब स्वतःच्या डबीतून आल्यागेल्याला तपकीर देतात, आणि हे सांगताना सवयीने आपल्या खिशावर हात घट्ट दाबून धरला.

तिसरा जावई. त्याला वकिलाने पुन्हा पुन्हा बजावून आणलं होतं की फक्त ‘साम्य आहे’ एवढंच म्हणा. पण कोर्टाच्या मागच्या बाकावर त्याचे मेहुणे बसले होते आणि संध्याकाळी त्याला जेवायला सासुरवाडीलाच जायचं होतं. तो हात जोडून म्हणाला, “त्या नाटकातल्या कवडीचुंबकाचं नि आमच्या मामंजींचं नखाएवढंही साम्य नाही. मामंजी म्हणजे कर्णाचा अवतार.”

एकेका साक्षीगणिक दादासाहेब फुलत होते आणि त्यांची फिर्याद वाळत होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी उचलली. सोंगातला माणूस एक, फिर्यादी दुसरा, असं त्यांच्याच साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं आहे. सबब आरोपी निर्दोष. माझी नोकरी वाचली.

आता दादासाहेबांनी उठून चालू लागायचं. एवढी स्तुती सरकारदप्तरी नोंदली गेली होती. असा मान कुणाच्या वाट्याला येतो? पण मी आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली उतरताना त्यांना नमस्कार केला आणि, देवाशपथ सांगतो, निव्वळ कृतज्ञतेने डोळे मिटले. मागचा बाक फिसकन हसला. दादासाहेब काठी आपटत उभे राहिले आणि भर कोर्टात गरजले:

“साहेब, हे तिघे माझ्या भिडेपोटी खोटं बोलताहेत. तबक आलं की मी डोळे मिटतो, अख्ख्या गिरगावाला ठाऊक आहे!”